कचऱ्यातून ऊर्जा : १८९७ सालच्या दोन वाटा

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, तेथील शाळेत ‘ऊर्जेचे स्रोत’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर नववीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, कचऱ्यापासून वीज होते ना? मग कचरा कमी करा, कचरा कमी करा, असं आम्हाला का सांगतात? जास्त कचरा केला तर जास्त वीज मिळेल की!” वर्ग हसला. तिच्या बाईंनाही हसू आवरले नाही. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हाच प्रश्न थोड्या भारदस्त शब्दांत अनेक महानगरपालिकांच्या सभागृहांत विचारला गेलेला आहे. त्याच्या घाईघाईने दिलेल्या उत्तरापायी कोट्यवधी रुपये खर्च झाले आहेत, आणि काही ठिकाणी ते वायाही गेले आहेत.

त्या दिवशी मी तिला दिलेले उत्तर तोकडे होते. नीट उत्तर द्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. कचऱ्यातून ऊर्जा काढण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक अग्नीची, म्हणजे कचरा जाळून वाफ करण्याची. दुसरी जीवाणूंची, म्हणजे कचरा कुजवून ज्वलनशील वायू मिळवण्याची. योगायोग असा, की या दोन्ही वाटांवरचे दोन महत्त्वाचे टप्पे एकाच वर्षाशी, १८९७ या सालाशी, जोडलेले आहेत. पहिला लंडनमध्ये आहे आणि दुसरा आपल्या मुंबईत, माटुंग्याला.

धुळीतून प्रकाश

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शहरे झपाट्याने वाढली. घराघरांतून निघणारा कचरा टाकायला जागा उरेना. पटकीच्या साथींनी लोक धास्तावलेले होते. अशा वेळी १८७४ साली नॉटिंगहॅम शहरात आल्फ्रेड फ्रायर याच्या कल्पनेनुसार कचरा जाळण्याची एक मोठी भट्टी उभारण्यात आली. तिला इंग्रजीत ‘डिस्ट्रक्टर’ म्हणजे ‘संहारक’ असे नाव मिळाले. नावातच हेतू स्पष्ट होता. कचरा नाहीसा करणे हे मुख्य काम. त्यातून ऊर्जा मिळाली तर तो वरकड फायदा.

आरोग्याची भीती या भट्ट्यांमागे किती प्रबळ होती, हे जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या उदाहरणावरून दिसते. १८९२ मध्ये तेथे पटकीची भयंकर साथ आली आणि सुमारे ८,६०० माणसे दगावली. तोपर्यंत शहराचा कचरा आसपासच्या गावांत जात असे. त्या गावांनी तो घेण्यास साफ नकार दिला. मग हॅम्बर्गने इंग्लंडमधील तंत्र आणून १८९६ साली स्वतःची भट्टी सुरू केली. आपल्याकडे कचराडेपोशेजारच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. हा झगडा किती जुना आहे, ते यावरून ध्यानात यावे.

याच सुमारास विजेचे दिवे नवे होते आणि शहरांना वीज हवी होती. पूर्व लंडनमधील शोरडिच या दाट वस्तीच्या, गरीब भागातील स्थानिक मंडळाने दोन्ही गरजांची सांगड घातली. कचरा जाळायचा, त्या उष्णतेवर वाफ करायची आणि वाफेवर जनित्रे फिरवायची. २८ जून १८९७ रोजी या विद्युत्‌केंद्राचे उद्घाटन झाले. उद्घाटनाला कोण आले असेल? साक्षात लॉर्ड केल्विन, तपमानाच्या निरपेक्ष मापनश्रेणीला ज्यांचे नाव आहे तेच. इमारतीवर एक लॅटिन वचन कोरले होते. त्याचा अर्थ, ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’. ही इमारत आजही उभी आहे. तेथे आता सर्कशीतील कसरतींचे शिक्षण देणारी संस्था आहे.

या वचनातील ‘धूळ’ हा शब्द मात्र नीट पाहायला हवा, कारण शोरडिचच्या यशाचे इंगित त्यातच आहे. इंग्रजीत कचऱ्याच्या डब्याला ‘डस्टबिन’ म्हणजे धुळीचा डबा म्हणतात, ते उगाच नाही. त्या काळी लंडनच्या प्रत्येक घरात कोळशाची शेगडी पेटत असे. घरच्या कचऱ्यात भाजीच्या सालींपेक्षा अधिक भरणा असे तो राखेचा आणि अर्धवट जळालेल्या कोळशाच्या तुकड्यांचा. म्हणजे लंडनकर आपल्या डब्यातून जे फेकत होते, त्यात थोडेफार कोरडे इंधनच होते. खाली जोराने हवा सोडली की दुसरे काही न घालता तो कचरा पेट घेई. शोरडिचमध्ये जळत होता तो बव्हंशी खाणीतला कोळसाच, फक्त दुसऱ्यांदा!

ही वाट पुढे इतरत्र गेली. डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सबर्ग येथे १९०३ साली अशी भट्टी सुरू झाली आणि तिची उष्णता जवळच्या रुग्णालयाला पुरवण्यात आली. थंड देशात या गोष्टीला फार महत्त्व आहे. तेथे वीज करून उरलेली उष्णता वाया जात नाही. ती नळांतून घरे गरम करायला जाते. न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली कचऱ्याच्या भट्टीवरील विजेने विल्यम्सबर्ग पुलावरचे दिवे लागले. एवढे झाले तरी ज्या कचऱ्यावर ब्रिटिश भट्ट्या चालत, तो कचराच पुढे बदलला. १९५२ च्या लंडनमधील प्राणघातक धुरक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, घरगुती शेगड्यांतला कोळसा कमी होत गेला आणि डब्यातले कोळशाचे तुकडेही गेले.

माटुंग्याचा वायू

आता दुसरी वाट. दलदलीतून बुडबुडे येतात आणि ते पेटतात, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. १७७६ साली इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा याने मॅजोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळून वर येणारा वायू बाटलीत गोळा केला आणि तो जळतो हे दाखवले. हाच आपला मिथेन. विजेच्या घटाने अजरामर झालेला हाच तो व्होल्टा. हवेशिवाय, म्हणजे ऑक्सिजन नसताना, जीवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवतात तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण तयार होते, हे मात्र पुढे हळूहळू उलगडत गेले.

१८९५ साली इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन याने मैलापाण्यासाठी बंदिस्त टाकी बांधली. तिलाच आपण ‘सेप्टिक टँक’ म्हणतो. तिच्यातून निघणारा वायू तेथल्याच दिव्यांसाठी वापरून पाहण्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ साली, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामातील मैलापाण्याच्या टाक्यांना वायू गोळा करण्याची सोय केल्याची आणि त्या वायूवर इंजिन चालवल्याची नोंद सापडते. टाकाऊ पदार्थांतून मिळालेला वायू यंत्र चालवण्यासाठी वापरल्याच्या जगातील अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ही एक आहे.

येथे इतिहासाच्या अभ्यासातील एक गमतीदार अडचण सांगायला हवी. अनेक पुस्तकांत आणि लेखांत ‘जगातील पहिले बायोगॅस संयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बांधले गेले’ असे वाक्य आढळते. एका लेखकाचे पाहून दुसऱ्याने आणि दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने ते उतरवले आहे. पण माटुंग्याचे कुष्ठधाम स्थापन झाले तेच मुळी १८९० मध्ये! त्या वेळचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले, आणि पुढे त्यांचेच नाव त्याला मिळाले. मराठीच्या शिक्षकांना हे नाव परिचित असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थसाहेब ते हेच. जी संस्था १८९० साली स्थापन झाली, तिच्यात १८५९ साली संयंत्र कसे असणार? छापलेला आकडा म्हणजे सिद्ध झालेला आकडा नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. पुढच्या भागात असाच एक आकडा येणार आहे, आणि त्यात चूक माझीही आहे.

समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या वसाहतीत, त्यांच्याच मैल्यावर हा प्रयोग झाला. त्या काळी मुंबई प्लेगने हवालदिल झाली होती, घाण शहराबाहेर कशी घालवावी याची चिंता होती. माटुंग्याच्या टाकीने दाखवले, की घाण बाहेर न घालवता जागच्या जागीही निर्धोक करता येते आणि वर थोडी शक्तीही मिळते.

हा धागा पुढे तुटला नाही. मुंबईतच दादरच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात अशा वायूचा अनुभव घेतला गेला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू मिळवण्याचे पद्धतशीर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी वर-खाली होणाऱ्या पिंपाचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र तयार केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने हीच रचना उचलली आणि ‘गोबरगॅस’ हा शब्द खेडोपाडी पोचला. मात्र या साऱ्या प्रवासात लक्ष शेणावर राहिले. शहरातल्या घरगुती कचऱ्याकडे ही वाट फार उशिरा वळली.

पाण्याचा हिशेब

आता थोडे भौतिकशास्त्र. शालेय अभ्यासक्रमातील ‘बाष्पनाचा अप्रकट उष्मा’ येथे उपयोगी पडतो. एक किलोग्रॅम पाणी ३० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात आणि त्याची वाफ करायला आणखी ५४०. एकूण ६१०.

समजा, आपल्या शहरातील एक किलोग्रॅम मिश्र कचऱ्यात ५०० ग्रॅम पाणी, २५० ग्रॅम माती व राख आणि २५० ग्रॅम जळण्याजोगा पदार्थ आहे. कोरडा पालापाचोळा, कागद, अन्न यांपासून दर ग्रॅमला ढोबळमानाने ४ किलोकॅलरी मिळतात असे धरू. म्हणजे १,००० किलोकॅलरी. त्यांतून अर्धा किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यात ३०५ खर्च झाल्या. उरल्या सुमारे ७००. आता पावसाळा आला आणि याच कचऱ्यात २०० ग्रॅम पाणी वाढले असे समजा. आणखी १२२ किलोकॅलरी गेल्या, आणि वजन झाले १.२ किलोग्रॅम. दर किलोग्रॅमला उरल्या पाचशेहूनही कमी.

“उरल्या तरी आहेत ना?” असे विद्यार्थी विचारतील. पण भट्टीचे तपमान ८५० अंशांच्या वर टिकले नाही तर ज्वलन अपुरे होते आणि विषारी पदार्थ तयार होतात. एवढ्या तपमानापर्यंत ती वाफ, ज्वलनासाठी सोडलेली सगळी हवा आणि ती माती, हे सारे तापवावे लागते. म्हणूनच जागतिक बँकेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शिकेत जाळायच्या कचऱ्याचे सरासरी उष्मामूल्य दर किलोग्रॅमला ७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १,६७० किलोकॅलरी असावे आणि ते कधीही ६ मेगाज्यूलच्या खाली जाऊ नये, असे सांगितले होते. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही ऊर्जेसाठी वापरायच्या, पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्यासाठी १,५०० किलोकॅलरींची मर्यादा होती.

हा हिशेब चुकला की काय होते ते दिल्लीने पाहिले. तिमारपूर येथे १९८० च्या दशकात डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळण्याचा कारखाना उभारला गेला. त्यातून ३.७५ मेगावॉट वीज मिळायची होती. अपेक्षा होती दर किलोग्रॅमला सुमारे १,४६० किलोकॅलरींची. गणित करून पाहा: ३०० टन कचऱ्यातून या दराने मिळणारी उष्णता २४ तासांत वाटली तर ती २१ मेगावॉटच्या आसपास येते. तिच्यातून पावणेचार मेगावॉट वीज काढणे अगदी शक्य होते. यंत्रात चूक नव्हती, गणितातही नव्हती. प्रत्यक्षात दिल्लीचा कचरा मात्र ६०० ते ७०० किलोकॅलरींचा निघाला. १९८७ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना जेमतेम तीन आठवडे चालला आणि थंडावला.

डेन्मार्कमधील कचरा आणि दिल्लीचा कचरा यांत एवढा फरक का? कोपनहेगनच्या डब्यात वेष्टने, पुठ्ठे, कागद असतात. आपल्याकडे रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, डबे घराबाहेर पडण्याआधीच रद्दीवाल्याकडे जातात. जे चुकून डब्यात जाते ते कचरावेचक बाया उचलतात. शेवटी उरतात भाज्यांचे देठ, खरकटे, झाडलोटीची माती आणि बांधकामाचा चुरा. चांगले जळेल ते सारे आधीच गेलेले असते, आणि तेही भट्टीपेक्षा अधिक उपयुक्त मार्गाने.

येथे माझ्या चुकीविषयी सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी, संशोधनाची सुरुवात करत असताना, एका नगरपालिकेच्या कचऱ्याचे उष्मामूल्य मोजून देण्याचे काम आमच्याकडे आले होते. प्रयोगशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे मी नमुने भट्टीत पूर्ण वाळवले, दळले, माती-दगड वेचून काढले आणि उष्मामापीत जाळले. आकडा उत्तम आला. अहवालात ‘कोरड्या वजनावर आधारित’ असे शब्द मी लिहिले होते, पण लहान अक्षरांत, तक्त्याच्या तळाशी. पुढे सभेत वाटलेल्या कागदावर आकडा आला आणि ते शब्द गळाले. सुदैवाने एका वयस्कर अभियंत्याने उठून विचारले, “हा कचरा वाळवायचे इंधन कोण देणार?” प्रकल्प तेथेच थांबला. आकडा खरा होता. पण तो कशाचा आहे हे सांगण्यात मी कमी पडलो होतो. १८५९ सालावर आज मी हसतो तेव्हा मला तो तक्ता आठवतो.

जीवाणूंनाही शिस्त लागते

मग ओल्या कचऱ्यासाठी जीवाणूंची वाट सरळ वाटते. पाणी हा भट्टीचा शत्रू, पण जीवाणूंचा मित्र. तेथे पाण्याची वाफ करावी लागत नाही. तरीही ही वाटदेखील आपोआप यशस्वी होत नाही. लखनौ येथे २००३ साली शहरी कचऱ्यापासून वायू मिळवून ५ मेगावॉट वीज करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि काही काळातच बंद पडला. कारण पुन्हा तेच. प्रकल्पाला हवा होता निवडलेला ओला कचरा. मिळाला तो माती, प्लॅस्टिक आणि दगड मिसळलेला. भट्टी माती गिळून थंड होते. टाकी माती गिळून तळाशी भरत जाते. कचरा व्यवस्थापनाविषयी अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेच्या सुनावणीत २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने कचऱ्यापासून ऊर्जेच्या प्रकल्पांच्या सरकारी अनुदानाला स्थगिती दिली, ती अशा अनुभवांच्या पार्श्वभूमीवर.

या काळात महाराष्ट्रात दोन उल्लेखनीय प्रयत्न झाले, आणि दोघांनीही सुरुवात लहान टाकीपासून केली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केले. त्यात स्वयंपाकघरातला कचरा आधी कालवून पातळ करतात, हवेच्या सान्निध्यात जीवाणूंकडून त्याचे प्राथमिक विघटन करून घेतात आणि मग बंद टाकीत मिथेन मिळवतात. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने घराच्या गच्चीवर मावेल असे छोटे संयंत्र केले; २००६ मध्ये त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. कर्वे यांचा विचार साधा होता. गाईच्या पोटात मिथेन करणारे जीवाणू असतात, म्हणजे गाय हेच एक चालतेबोलते संयंत्र. तिने पचवून उरलेले शेण आपण टाकीला घालतो. त्याऐवजी न पचलेले, पिष्टमय अन्नच का घालू नये? अशा दोन किलोग्रॅम पदार्थांपासून सुमारे अर्धा किलोग्रॅम मिथेन मिळतो, असे त्यांच्या संस्थेने मांडले. तेवढ्या वायूला शेण लागते सुमारे ४० किलोग्रॅम.

हा आकडा रसायनशास्त्राच्या तासाला पडताळून पाहता येतो. १६२ ग्रॅम पिष्ट आणि १८ ग्रॅम पाणी यांपासून जास्तीत जास्त ४८ ग्रॅम मिथेन आणि १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे दोन किलोग्रॅम पिष्टापासून कमाल मर्यादा ६०० ग्रॅमच्या जरा खाली. अर्धा किलोग्रॅमचा दावा या मर्यादेत बसतो, पण एका अटीवर: ते दोन किलोग्रॅम कोरडे धरायला हवेत. ओल्या खरकट्याचे दोन किलोग्रॅम घातले तर तेवढा वायू मिळणार नाही. पुन्हा ‘कोरड्या वजनावर’!

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण इंदूरचे आहे. तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेऊन १७,००० किलोग्रॅम वाहनांचा वायू देण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. भागाकार केला तर एक किलोग्रॅम ओल्या कचऱ्यामागे सुमारे ३१ ग्रॅम वायू येतो. त्याची उष्णता साडेतीनशे किलोकॅलरींच्या थोडी वर. मघाच्या भट्टीच्या हिशेबात ७०० उरल्या होत्या, पण त्यांची वीज होताना पाचव्या हिश्शाच्या आसपासच हाती लागते. ही तुलना काटेकोर नाही, कारण तेथे मिश्र कचरा होता आणि येथे निवडलेला. शिवाय टाकीलाही ढवळायला, वायू शुद्ध करायला ऊर्जा लागतेच. पण ओल्या कचऱ्याचा कल कोणत्या वाटेकडे आहे, ते स्पष्ट व्हावे. इंदूरला हे जमले त्यामागे यंत्रापेक्षाही एक साधी गोष्ट आहे. तेथे काही वर्षे आधीपासून घरोघरी कचरा वेगळा करून गाडीत टाकण्याची सवय लावण्यात आली होती.

टिकाऊ म्हणजे काय?

एखादी पद्धत टिकाऊ आहे की नाही, हे ठरवताना नुसती किती वीज मिळाली एवढे पाहून भागत नाही. निदान तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, मागे काय उरते? जाळल्याने कचऱ्याचे आकारमान सुमारे नऊ-दशांश कमी होते, ही जागा टंचाईच्या शहरात मोठीच गोष्ट. पण वजनाचा बराच भाग राखेच्या रूपाने उरतो, आणि धुराड्यात अडवलेली उडती राख विषारी असते. १९७७ मध्ये नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना कचराभट्ट्यांच्या उडत्या राखेत डायॉक्सिन ही अत्यंत घातक संयुगे आढळली आणि साऱ्या जगात खळबळ उडाली. त्यानंतर धूर शुद्ध करण्याची तंत्रे खूप सुधारली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ती महाग आहेत आणि रोज दक्षतेने चालवावी लागतात. उलट बायोगॅसच्या टाकीतून उरते ते खत, अर्थात कचरा निवडलेला असेल तर. येथे आणखी एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. इंदूरलाच अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी टाकाऊ सेंद्रिय पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. नायट्रोजन, फॉस्फरस मातीतून ताटात आणि ताटातून डब्यात येतात. ते मातीत परत गेले नाहीत, तर त्यांची भरपाई कारखान्यातील खतांनी करावी लागते, आणि त्यालाही ऊर्जा लागतेच.

दुसरी, जाळलेल्या वस्तूंत किती ऊर्जा आधीच गुंतलेली होती? कागद जाळून मिळते ती फक्त त्याची उष्णता. तो पुन्हा वापरला तर लाकूड तोडण्यापासून लगदा करण्यापर्यंतची ऊर्जा वाचते. प्लॅस्टिक उत्तम जळते, पण ते मुळात खनिज तेलच; ते जाळून केलेली वीज अपारंपरिक कशी म्हणायची? शोरडिचच्या कोळशाच्या तुकड्यांसारखेच हे. आणि हेच कागद, प्लॅस्टिक वेचून लाखो कुटुंबे जगतात. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती या श्रमांना ओळख मिळावी म्हणून. भट्टीला जे हवे, नेमके तेच या बायांच्या झोळीत असते. भट्टी आणि झोळी या एकाच मालासाठी समोरासमोर उभ्या राहतात. त्यात ऊर्जेचा हिशेब झोळीच्या बाजूने आहे.

तिसरी, भट्टीला रोज खाद्य लागते. ती बांधताना वीस-पंचवीस वर्षांचे करार होतात. पुढे लोकांनी कचरा कमी केला, तर भट्टी उपाशी! डेन्मार्कमध्ये हेच घडले. कोपनहेगनमध्ये २०१७ साली छतावर बर्फावरच्या घसरगुंडीची जागा असलेली सुंदर, अत्याधुनिक भट्टी सुरू झाली. पण देशाची जाळण्याची क्षमता गरजेपेक्षा जास्त झाली, परदेशांतून कचरा आणावा लागू लागला, आणि २०२० मध्ये तेथील राजकीय पक्षांनी ही क्षमता ३० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. ज्या देशाचे तंत्र आपण तिमारपूरला आणले होते, तोच हा देश.

याचा अर्थ भट्टी नेहमीच वाईट, असा घेऊ नये. निवडून, पुनर्वापर करून, ओला भाग कुजवून शेवटी जे फाटके, मळके, कोरडे उरते, त्यासाठी चांगली भट्टी उघड्या ढिगापेक्षा निश्चित बरी. मुंबईत देवनारचा कचराडेपो १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर दिवसचे दिवस शहरभर पसरला होता. ढिगातही जीवाणू मिथेन करतातच. फक्त तो कोणाच्या कामी येत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट अधिक उष्णता वातावरणात अडवतो. काहीही न करणे हाही एक निर्णय असतो, आणि तो सर्वांत महाग पडतो.

वर्गातील एक प्रयोग

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने एका दिवसाचा घरचा कचरा ओला, कोरडा व माती असा निवडून तोलावा. ओल्यातील अर्धा किलोग्रॅम पत्र्यावर पसरून कडक उन्हात, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. मधल्या फरकाला ६१० ने गुणून त्यातल्या पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागली असती ते काढावे. हाच प्रयोग मे महिन्यात आणि जुलैत केला तर आकडे शेजारी शेजारी मांडावेत. मात्र आकडा ओल्या वजनावरचा की कोरड्या, हे मोठ्या अक्षरांत लिहायला विसरू नये.

त्या मुलीला मी आता असे उत्तर देईन: कचऱ्यातून ऊर्जा मिळते, पण ती कचरा करताना घातलेल्या ऊर्जेचा फक्त एक तुकडा असते. एक पोळी शिजवायला, तिचा गहू पिकवायला, दळायला आणि आणायला जे लागले, त्यातले थोडेसे टाकीतून परत येते. पोळी खाल्लेली केव्हाही बरी. न खाता उरलीच, तर ती भट्टीत जाण्यापेक्षा टाकीत जावी, आणि टाकीत जाताना तिच्याबरोबर प्लॅस्टिकची पिशवी नसावी. ही शेवटची गोष्ट कोणत्याही यंत्राला स्वस्तात जमत नाही. ती तिच्या घरातल्या ओट्यापाशीच होऊ शकते.